मलावीत खेड्यातल्या लग्नाला बोलावलं तर... सोलापूरहून सेवेला येणाऱ्यांसाठी

आपल्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीतून जे कोणी सेवेसाठी मलावीला येतात ते बहुतेक मे ते ऑगस्टमधेच येतात, आणि नेमकं तेव्हाच इथं मका काढून झालेला असतो, पाऊस नसतो, लोकांच्या हातात चार पैसे असतात, म्हणजे लग्नसराई. त्यामुळं बॅगा उघडायच्या आधीच कुठल्यातरी गावातनं आमंत्रण येणार हे धरूनच चला. मी लिलाँग्वेत राहते, आमच्या ह्यांच्या नोकरीमुळं आलो आणि इथलेच झालो, आणि नवीन आलेला प्रत्येक जण फोन करून तेच तेच विचारतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी लिहितेय ते लिलाँग्वे आणि डेडझा बाजूचं, म्हणजे चेवा लोकांचं. उत्तरेला तुंबुका, न्गोनी लोकांत वेगळं असतं, तिथं मुलाकडचे मुलीकडच्यांना लोबोला, म्हणजे वधूमूल्य, देतात, पूर्वी गाईगुरं द्यायचे. चेवांत मुलं आईच्या कुळाची, त्यामुळं बापापेक्षा मामाचा शब्द मोठा, आणि जुन्या पद्धतीत जावईच बायकोच्या गावी राहायला जायचा. आपल्याकडं मामाचा मान काय असतो माहितीये ना, इथं त्याच्या दुप्पट धरा.

दोन्ही घरांकडनं लग्न जमवणारे जबाबदार लोक असतात, त्यांना आन्खोस्वे म्हणतात, बहुतेक मामाच असतात. ते बसून बोलतात, एकमेकांना कोंबडा आणि कोंबडी देतात, त्या कार्यक्रमाला चिनखोस्वे म्हणतात. हे झाल्याशिवाय घरचे लोक लग्न झालं असं मानतच नाहीत, मग चर्चमधे कितीही मोठा विधी करा. पुढं संसारात भांडण झालं तरी हेच आन्खोस्वे मिटवायला येतात. आणि आपले काही लोक येऊन विचारतात की हे कोंबड्याचं ख्रिस्ती आहे का? अहो, हळद लावायची का नाही, मंगळसूत्र घालायचं का नाही यावर आपल्या घराघरात अजून वाद चाललेत, अमेरिकन मिशन सोलापुरात येऊन दीडशेच्या वर वर्षं झाली तरी. बाहेरनं आलेल्यानं आपल्या घरातल्या चालीरीतीवर शिक्का मारला की कसं वाटतं ते आपल्याइतकं कुणाला कळणार, मग इथं येऊन आपणच तो शिक्का कशाला हातात घ्यायचा. इथलं सीसीएपी, म्हणजे चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन, 1924 ला झालं, स्कॉटिश मिशनच्या दोन शाखा एकत्र येऊन, आणि 1926 ला डच रिफॉर्म्ड मिशनचा न्खोमा भाग त्यात आला. आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं 1970 ला. म्हणजे एकत्र येण्याच्या बाबतीत हे आपल्यापेक्षा सीनियर आहेत, हे डोक्यात ठेवून जावा.

गावात पोचल्यावर आधी तिथल्या प्रमुखाला, म्हणजे म्फुमुला भेटायचं, तुमचे पाळक घेऊन जातीलच. हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा, जरा वाकायचं. "मुली ब्वांजी" म्हणजे कसे आहात, "झिकोमो" म्हणजे आभारी आहे, एवढ्यावर अख्खा दिवस निघतो. म्हाताऱ्या बायका गुडघे टेकून नमस्कार करतील, पाणी देताना पण टेकतील, तेव्हा उठा उठा करून गडबड करू नका, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

पत्रिकेवर नऊ लिहिलं असेल तर अकरा. त्यात आपल्याला नवीन काय नाही म्हणा.

चर्चमधला विधी तुम्हाला ओळखीचाच वाटेल, वचनं, अंगठ्या, सही, फक्त मधेमधे कॉयर किती हे विचारू नका, एक बसला की दुसरा उठतो. भाषा कळत नसली तरी चाली ओळखीच्या निघतात आणि तुम्ही मराठीत गुणगुणायला लागता. तुम्हाला पुढं, पाळकांच्या शेजारी खुर्ची देणार. नको म्हणू नका, पण त्या खुर्चीचा अर्थ उपदेश करायला बोलावलंय असा पण घेऊ नका. माईक हातात आला की दोन मिनिटं, भाषांतर धरून चार. सोलापूरच्या मंडळीचा सलाम सांगा, जोडप्याला आशीर्वाद द्या, बसा. आणि काना गावचं लग्न सांगू नका, येणारा प्रत्येक पाहुणा तेच सांगतो. त्यातही बघा, येशू तिथं पाहुणा म्हणून गेला होता, त्यानं तिथं प्रवचन केल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.

आता खरी गोष्ट, पेरेकानी. याला सगळे नवीन लोक दचकतात. दुपारी मंडपात नवरानवरी बसतात, पुढं टोपली किंवा टब ठेवतात, आणि एम्सी माईकवर ओरडायला लागतो, पेरेकानी पेरेकानी, म्हणजे द्या द्या. मग एकेका गटाला बोलावतात, नवरीच्या मैत्रिणी, नवऱ्याचे ऑफिसवाले, चर्चच्या बायका, लिलाँग्वेहून आलेले, आणि ज्यांना बोलावलं त्यांनी नाचत नाचत पुढं जाऊन एक एक नोट टाकायची. सगळी एकदम टाकून परत येणं म्हणजे फुसका बार. आपल्याकडं आहेर पाकिटात, वहीत नाव लिहून, कोणी किती घातले ते फक्त वहीवाल्याला ठाऊक, इथं सगळं उघड्यावर आणि हसत खेळत. हे दोन तीन तास सहज चालतं. त्यामुळं बारक्या नोटा न्यायच्या, शंभर, दोनशे, पाचशे क्वाचाच्या. 5000 ची एकच नोट खिशात घेऊन गेलात तरी हरकत नाही, मंडपात कडेला टेबल टाकून मोठ्या नोटा मोडून द्यायला माणूस बसलेला असतो. पण एक सांगते, आधीच ठरवा किती घालायचे आणि तेवढेच मोडा, कारण "आता आपले इंडियाचे पाहुणे" असं तुम्हाला चार वेळा बोलावणार. आणि गावातल्या पैसेवाल्या माणसापेक्षा जास्त घालू नका, त्याला कमीपणा येतो. नाचता येत नाही हे कारण चालत नाही, वरातीत नाचता तसं नाचा.

जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पांढऱ्या पिठाचं, नाचणीच्या शिजवलेल्या घट्ट गोळ्यासारखं समजा, पण लग्नात भात आणि चिकन असतंच. हातावर पाणी घालायला कोणीतरी तांब्या घेऊन येतं, हातानंच जेवतात, आपल्याला काय शिकवायला लागत नाही. पाल्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट घालतात, आपली सोलापूरची माणसं तिथं एकदम खूश होतात. थोब्वा नावाचं गोडसर घट्ट पेय देतील ते बिनधास्त प्या, मक्याचं असतं. पण तसंच दिसणारं, कागदी खोक्यातलं चिबुकू असतं, ती बिअर आहे, चर्चच्या मंडपात नसते पण कडेला झाडाखाली असू शकते, खोकं बघून हात पुढं करा.

बायकांनी साडी नेसावी, सगळे कौतुक करतात, इरकल नेसून गेलात तर अर्धा गाव पदर हातात घेऊन बघतो. ड्रेस घालणार असाल तर वरून चितेंजे, म्हणजे इथलं कमरेला गुंडाळायचं कापड, गुंडाळा, गुडघे दिसलेले इथं चालत नाहीत. आणि गरम कपडे आणा हो! आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात घेऊन येतात आणि डेडझाला, सोळाशे मीटर उंचीवर, जूनच्या रात्री कुडकुडत बसतात. म्हणूनच जोडप्याला द्यायला सोलापुरी चादरीएवढं दुसरं काही नाही, जड होते पण एक तरी आणा.

फोटो विचारून काढा. वाटेत मुखवटे घातलेले नाचणारे दिसले, गुले वाम्कुलू, तर फोन खिशात, प्रश्न नाही, लांबूनच पुढं जायचं. चर्चचे लोक आणि त्यांच्यात जुना ताण आहे, त्यात आपण पडायचं नाही.

एक गोष्ट मात्र सोडून द्यायची नाही. नवरी फार लहान वाटली तर पाळकांना बाजूला घेऊन शांतपणे वय विचारा. 2015 च्या कायद्यानं वय अठरा आहे, 2017 ला घटना पण बदलली. डेडझाच्याच प्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी शेकडो बालविवाह मोडून पोरींना शाळेत परत पाठवलं होतं, म्हणजे हा विषय परक्यानं आणलेला नाही, इथल्या माणसांचाच आहे. फक्त मंडपात माईकवर नको.

निघताना सांगून निघा, यजमान रस्त्यापर्यंत सोडायला चालत येतात, मधेच "राहू द्या" म्हणू नका. हातात बहुतेक कोंबडी देतील, जिवंत, पाय बांधून. पैसे काढू नका, दोन्ही हातांनी घ्या. मिनीबसमधे सीटखाली ठेवली तरी कोणी काही म्हणत नाही.