थंड हवेत मिरची बियांपासून लावायची तयारी (हार्डनिंग विसरू नका, मी विसरले होते)

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शनिवारी इथे स्कॉटलंडमध्ये, एडिनबरात, असं काही ऊन पडलं की फेब्रुवारीपासून खिडकीत जपलेली १४ मिरचीची रोपं मी उचलली आणि थेट बाल्कनीत नेऊन ठेवली. फोटोबिटो काढले, घरी पाठवले. संध्याकाळी बघते तर पानं कागदासारखी पांढरी, दोन-तीन रोपं वाऱ्याने कमरेत मोडलेली, आणि मंगळवारपर्यंत ९ गेली. जी ५ वाचली ती महिनाभर रुसून बसली आणि पूर्ण सीझनच्या मिळून ११ मिरच्या झाल्या. एका ठेच्याच्या. म्हणून यंदा आधीच लिहून काढतेय. मी जे विसरले त्याला हार्डनिंग म्हणतात, म्हणजे घरात वाढलेल्या रोपाला बाहेरच्या उन्हावाऱ्याची हळूहळू सवय लावणं, आणि ते मी मधेमधे परत परत सांगणार आहे.

पहिलं काम कॅलेंडर, बी-माती-कुंड्या सगळं नंतर. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला, हे १५ दिवस आत्ताच अडवून ठेवा. फोनमध्ये रिमाइंडर लावा, त्या दिवसांत भारताची तिकिटं काढू नका, पाहुणे बोलवू नका, हायलँड्सला जायचं ठरवू नका. ते दिवस हार्डनिंगचे. इथे मेच्या उत्तरार्धातही एखाद्या रात्री फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) पडू शकतो आणि जूनमध्येच कुठे रात्री १० डिग्रीच्या आसपास यायला लागतात, त्यामुळे त्याआधी बाहेर काढायची घाई करून काही हाती लागत नाही, मी करून बघितलीये.

बी. इथे उन्हाळा म्हणजे जुलैत दुपारी १९-२० डिग्री, तेवढ्यात पिकेल अशीच जात घ्या. हंगेरियन हॉट वॅक्स थंडीत बरी तग धरते आणि भज्यांना मस्त लागते, अपाचे बुटकी आहे आणि कुंडीत छान होते, ज्वालाही जमते. हाबानेरो, भूत जोलोकिया वगैरे जहाल मिरच्यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका, ती उगवायलाच तीन-चार आठवडे घेतात आणि पिकायला आली की इथे स्वेटर निघालेले असतात. हौसच असेल तर संक्रांतीला पेरा, बाकीच्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरल्या तरी चालतात. दुकानातल्या हिरव्या मिरचीचं बी काढू नका, ते कच्चं असतं. डब्यातल्या सुक्या ब्याडगीचं बी कधी उगवतं कधी नाही, त्याच्या भरवशावर सीझन घालवायचा का ते तुम्ही ठरवा. आणि भारतातून येताना बॅगेत बी आणू नका, त्याला प्लांट हेल्थ सर्टिफिकेट लागतं, दोन पौंडांच्या पाकिटासाठी एअरपोर्टवर कशाला घाम गाळायचा.

माती म्हणजे बियांसाठीचं बारीक कम्पोस्ट, भारी खतवालं नको. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. लेबल लावा, पेन्सिलने.

उगवायला उजेड नाही, ऊब लागते, २५ ते २८ डिग्री. इथेच बरेच जण फसतात, बी खिडकीत ठेवतात, रात्री हीटिंग बंद होतं, खिडकीची कड १३-१४ वर येते आणि बी तसंच बसून राहतं किंवा कुजतं. हीट मॅट घ्या छोटी, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई. नाहीतर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर त्यात ठेवा, पण रोज बघा, कारण कोंब वर दिसला की त्याच दिवशी उजेडात काढायचं. एक दिवस उशीर झाला की रोप शेवग्याच्या शेंगेसारखं लांबुडकं होतं, आणि असल्या लांबुडक्या रोपाला पुढे हार्डनिंग अजूनच जड जातं. बघा, आलंच परत.

उजेडाचं गणित सोपं आहे. इथे डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ७ तासांचा असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला ९ च्या आसपास, आणि त्यात सूर्य दिसेल याची गॅरंटी नाही. रोपाला १४-१६ तास हवेत. साधा एलईडी ग्रो लाइट आणि टायमर लावा, दक्षिणेची खिडकी असली तरी लावा. पाणी खालून द्या, ट्रेमध्ये ओतून, वरची माती थोडी सुकू द्या, नाहीतर रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत आडवी होतात आणि त्यावर मग काही इलाज नसतो.

खरी पानं (उगवताना येतात त्या पहिल्या जोडीनंतरची) फुटली की एकेक रोप ८-९ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. पाडव्याच्या आसपास होतं हे. आता नीट ऐका, कुंड्यांबरोबर उचलायला सोपे, कडा असलेले दोन मोठे ट्रे घ्या. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. १४ कुंड्या सुट्या ठेवल्या की हार्डनिंगला रोज १४ वेळा बाहेर आणि १४ वेळा आत, तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो जाऊ दे राहू दे बाहेरच, आणि तिथेच वाट लागते. दोन ट्रे असले की दोन फेऱ्यांत काम होतं. त्याच खरेदीत थंडीत रोपांवर पांघरायचं बागेचं पांढरं फ्लीसचं कापडही घ्या, मेमध्ये ऊन पडलं की सगळं शहर तेच शोधत फिरत असतं. आणि एप्रिलपासून रोज एकदा रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवा, मांजराला कुरवाळतो तसा. घरात वारा नसतो म्हणून खोड लेचंपेचं राहतं, हात लागला की घट्ट होतं. नवरा हसला, हसू दे.

आता हार्डनिंग. इथे घाई करायची नाही, टाळाटाळ करायची नाही, आणि "आज ढगाळच आहे, काय होतंय" असंही म्हणायचं नाही. खिडकीची काच उन्हातला भाजणारा भाग बराचसा अडवते, त्यामुळे रोपाच्या पानांनी खरं ऊन कधी बघितलेलंच नसतं, वरचा मेणाचा थर पातळ असतो, वारा लागला की पाणी भसाभस उडतं. वर्षभर ऑफिसात बसून एकदम मे महिन्यात तारकर्लीला भर दुपारी वाळूत जाऊन बसलात तर काय होईल, तेच. आणि पांढरं पडलेलं पान परत हिरवं होत नाही. पहिले दोन दिवस फक्त एक तास, सावलीत, भिंतीच्या आडोशाला. मग रोज तासभर वाढवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कोवळं ऊन अर्धा तास, तेही एकदम १२ वाजताचं नाही. ऑफिस असेल तर संध्याकाळी करा, मेअखेरीला इथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, सहा ते आठचं ऊन रोपांना अगदी बरं असतं. दुसऱ्या आठवड्यात दिवसभर बाहेर, रात्री आत. रात्री १० डिग्रीच्या वर टिकायला लागल्या की मगच रात्री बाहेर, पहिल्या दोन-तीन रात्री फ्लीस टाकून.

जोराचा वारा असेल तो दिवस सोडून द्या, मोजणी एक दिवस पुढे ढकला, काही बिघडत नाही. समुद्रावरून धुकं आलं तरी तेच. इथे त्या धुक्याला हार म्हणतात, आणि सकाळी स्वच्छ ऊन बघून ट्रे बाहेर ठेवून ऑफिसला गेलं की दुपारी ते येऊन बसतं, थंडगार, तेव्हा नाव बरोबर आहे असं वाटतं. म्हणून पहिला आठवडा तरी घरी कुणी नसताना ट्रे बाहेर ठेवायचे नाहीत. शेजारी म्हणेल "माझी तर मी अशीच ठेवली, काही झालं नाही". त्याचा टोमॅटो ग्रीनहाउसमधला होता. तुमची मिरची खिडकीतली आहे. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

पुढचं पटापट, कारण पुढे तसं फारसं चुकत नाही. शेवटची कुंडी २० ते २५ सेंटिमीटरची, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून, भिंत दिवसा तापते आणि रात्री थोडी ऊब देते. फुलं आली की आठवड्यातून एकदा टोमॅटोचं खत. घरात किंवा काचेआड असेल तर फुलं बोटाने टिचक्या मारून हलवा, मधमाश्या तुमच्या खिडकीत येणार नाहीयेत. थंड रात्रींनंतर फुलगळ होते, घाबरू नका, परत येतात. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर बोटाने चिरडा, जास्त असेल तर पाण्याचा फवारा. पहिल्या मिरच्या हिरव्याच तोडा म्हणजे पुढच्या येत राहतात, गणपतीत मोदकाबरोबर चटणीला घरची मिरची झाली की भरपूर झालं, लाल व्हायची वाट बघायची तर अजून महिनाभर धरा.

सप्टेंबरमध्ये रात्री थंड व्हायला लागल्या की कुंड्या आत घ्या, आत पिकत राहतात. आत आणताना मात्र हार्डनिंगबिर्डनिंग काही लागत नाही, सरळ उचला आणि आणा, फक्त पानांच्या खाली मावा आहे का तेवढं बघून घ्या.