जुनी मारुती ८००: क्लच घसरतोय, की इंजिन झटके देतंय?

गाडी चढावर दम टाकते, पिकअप मिळत नाही, मध्येच हिसके बसतात, अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: क्लच प्लेट गेली. कधी ते खरंही असतं. पण क्लच प्लेट नुसती बघायची म्हटली तरी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तेवढी मजुरी भरल्यावर दोष केबलच्या नटात किंवा डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागातल्या) एका तुटक्या वायरीत निघाला, तर पैसे फुकट जातात आणि गाडी दोन दिवस अडकते ती वेगळीच. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष कुठल्या बाजूला आहे ते रस्त्यावरच ओळखावं.

हे सगळं ७९६ सीसीच्या, तीन सिलेंडरच्या मारुती ८०० ला धरून लिहिलं आहे. तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी तालुक्याच्या गावांत ती अजून रोज धावते. जुनी अल्टो, झेन, ओम्नी यांना बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. झटके बसतात तेव्हा इंजिन आणि गाडी दोन्ही एकदमच अडखळतात. मारुती ८०० मध्ये बहुधा आरपीएमचा काटा नसतो, त्यामुळे हा फरक कानानेच ओळखायचा. काचा वर करा, टेप बंद करा.

झटके असतील तर आणखी एक प्रश्न विचारायचा: ते इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेले आहेत की गाडीच्या वेगाशी? सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये झटके कोणत्या वेगाला येतात ते बघा, मग तिसऱ्यात आणि चौथ्यात. गिअर बदलल्यावर झटके येतात तो गाडीचा वेगही बदलला, पण इंजिनाचा आवाज दर वेळी साधारण तेवढाच असेल, तर दोष इंजिनात, म्हणजे पेट्रोल किंवा इग्निशनमध्ये. कोणत्याही गिअरमध्ये ठरावीक वेगालाच थरथर येत असेल, तर चाकं, टायर किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे (गिअरबॉक्सपासून चाकांना जोर पोचवणाऱ्या दांड्याकडे) बघा. आणि फक्त एक्सलेटर दाबताना किंवा सोडताना एकच ‘धक्’ बसत असेल, तर कुठेतरी ढिलाई आहे: इंजिन माउंटिंग, शाफ्टचा जॉइंट किंवा डिफरन्शियल.

घसरण्याची खात्री

गाडी पूर्ण गरम होऊ द्या, कारण सुरुवातीची घसरण थंड गाडीत दिसत नाही. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास वेग ठेवून एक्सलेटर पूर्ण दाबा. चांगल्या क्लचमध्ये इंजिन जड आवाजात हळूहळू वेग घेतं. घसरणाऱ्या क्लचमध्ये आवाज एकदम उडी मारतो आणि वेगाचा काटा जागच्या जागी राहतो. ही चाचणी वरच्याच गिअरमध्ये करायची, कारण तिथे गाडी सावकाश वेग घेते आणि इंजिनाचा जोर क्लचवर बराच वेळ टिकून राहतो. पहिल्या-दुसऱ्यात गाडी चटकन पळते आणि अर्धवट झिजलेला क्लच सहज निभावून जातो. म्हणूनच गावात ठीक वाटणारी गाडी खंबाटकी किंवा कसारा घाटात उघडी पडते.

चढ नसेल तर जागेवर करता येते ती चाचणी अशी: हँडब्रेक घट्ट ओढा आणि पुढच्या चाकांना पुढून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. समोर कोणीही उभं राहू नये. क्लच दाबून तिसरा गिअर टाका, इंजिन थोडं चढवा आणि क्लच एका सेकंदात सरळ सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच निदान बरा आहे. ते रेंगाळत चालू राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा करा. त्यात प्लेट इतकी तापते की पुन्हा पुन्हा केल्यास चांगला क्लचही करपेल.

हँडब्रेकच ढिला असेल तर निष्कर्ष काढू नका. आणखी एक चकवा म्हणजे अडकलेला ब्रेक. व्हील सिलेंडर किंवा कॅलिपर जाम झाला की गाडी ओढत नाही आणि माणूस क्लचला दोष देतो. काही किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न टेकवता हात धरून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर आधी तो ब्रेक सोडवा.

पहिला उपाय: केबल

घसरण नक्की झाली की गिअरबॉक्स उतरवण्याआधी फ्री प्ले, म्हणजे पॅडलची मोकळी चाल, तपासा. पॅडल बोटाने हलकेच दाबा. जोर लागायला सुरुवात होईपर्यंत ते साधारण १५ ते २५ मिमी मोकळं जायला हवं. तेच गिअरबॉक्सजवळच्या रिलीज आर्मच्या (केबल ज्याला ओढते त्या दांडीच्या) टोकाला मोजलं तर साधारण २ ते ४ मिमी मिळतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतलेली बरी, कारण ती ब्रेकच्या उलट आहे. ब्रेक लायनिंग झिजलं की पॅडल खाली जातं. क्लच प्लेट झिजली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या जड चाकाकडे) सरकते, तो दाब देणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगच्या पट्ट्या बाहेर, क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने येतात आणि फ्री प्ले कमी होत जातो. तो शून्य झाला की पाय पॅडलवर नसतानाही बेअरिंग स्प्रिंगला दाबून ठेवतं. क्लच कायम हाफ क्लचमध्ये राहिल्यासारखा होतो, घसरतो, तापतो आणि आणखी झिजतो. म्हणजे दोष नटाचा, बळी जाते प्लेट.

केबलचं आट्यांचं टोक रिलीज आर्मला नटाने धरलेलं असतं. आटे साफ करा, तेल सोडा आणि नट ढिला करत फ्री प्ले जागेवर आणा. नंतर इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबा आणि रिव्हर्स टाका. करकर न होता गिअर पडला तर ठीक. करकर झाली तर नट जास्तच ढिला झाला आहे, क्लच पूर्ण सुटत नाही. नट फिरवूनही फ्री प्ले मिळत नसेल, किंवा आटे संपत आले असतील, तर प्लेट खरंच संपली.

केबल आतून गंजली किंवा तिचे तार सुटले असतील तर पॅडल जड होतं आणि सोडल्यावर हळू वर येतं. अशी केबल ग्रीस भरून वाचवत बसू नका, नवी टाका. ऐन पावसात घाटात ती तुटली तर गाडी तिथेच उभी राहते.

तेल लागलेली प्लेट

फ्री प्ले बरोबर आहे, तरी घसरते आणि पहिल्या गिअरमध्ये निघताना थडथडतेही? मग प्लेटवर तेल आलं असण्याचा संशय धरा. गाडीखाली जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाऊसिंगच्या तळाशी बोट फिरवा. काळं, पातळ तेल असेल तर क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलं. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं. मात्र वर टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) गळत असेल तर तेच तेल ओघळत खाली येतं, म्हणून आधी इंजिन वरून पुसून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. चार दिवसांत तीच तक्रार परत येते.

निघतानाच्या थडथडीचं दुसरं कारण म्हणजे तुटलेलं इंजिन माउंटिंग. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा आणि आत बसलेल्या माणसाला पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन थोडं कलणारच. ते उसळून आदळत असेल तर रबर फाटलं आहे. क्लच सेटच्या मानाने हे काम फार स्वस्तात होतं.

झटके इंजिनाचे असतील तर

सिलेंडर तीनच आहेत, त्यामुळे एक मिस झाला, म्हणजे त्यात पेट्रोल पेटलं नाही, की एक तृतीयांश ताकद गेली. म्हणूनच या गाडीत साधं मिसिंगही क्लच गेल्यासारखं भासतं.

कार्बोरेटरच्या गाडीत चोकचा नॉब असेल तर फार उपयोगी चाचणी हाताशी आहे. झटके येत असताना चोक थोडासा ओढा. झटके कमी झाले तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये कचरा, फिल्टर तुंबलेला किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. फरक पडला नाही किंवा गाडी आणखी बिघडली तर इग्निशनकडे वळा.

प्लग काढून गॅप ०.७ ते ०.८ मिमी करा. पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान हवा. कॅपला आतून काळी रेघ असेल तर तिथून स्पार्क गळतो. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर वायरी बदला. हात मात्र लांब ठेवा.

आता हमखास नजरेतून सुटणारी जागा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने स्पार्कची वेळ पुढे आणणाऱ्या, डिस्ट्रिब्युटरवरच्या डबीची) नळी काढून तिला स्वच्छ नळी जोडा आणि तोंडाने ओढा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट फिरली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली की तिथेच थांबली पाहिजे. हवा येत राहिली तर डायफ्राम फाटला. प्लेट फिरत असताना तिच्यावरच्या बारीक वायरी टॉर्चने बघा. प्लेट हलून हलून त्या आवरणाच्या आत तुटतात. गाडी जागेवर छान चालते, पण मध्यम वेगाला एक्सलेटर स्थिर धरला की हिसके देते, कारण त्याच वेळी प्लेट फिरलेली असते आणि वायर ताणली जाते.

ऋतूही बघा. मे महिन्यात गरम गाडी थांबवून परत निघताना झटके आले तर इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर दहा मिनिटांत गाडी सुधारली तर निदान पक्कं. पावसाळ्यात टाकीत पाणी जातं. पारदर्शक फिल्टरच्या तळाशी वेगळा थर दिसतो.

एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) एक्सलेटर जेमतेम दाबलेला असतानाच हिसके येत असतील तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडी आहे ते सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर मल्टिमीटरवर तपासा. थ्रॉटल हळूहळू उघडताना व्होल्टेज सलग वाढलं पाहिजे, मध्ये कुठेही गचका खाता कामा नये.

शाफ्ट

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर आली आणि एक्सलेटर सोडताच थांबली तर आतला, गिअरबॉक्सकडचा. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं दिसतंच. ओम्नीला मागच्या चाकांची ओढ आहे, तिथे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून बघा. जराही खडखड नको.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

प्लेटच्या रिव्हेटचं डोकं पृष्ठभागापासून ०.५ मिमीपेक्षा कमी खोल राहिलं असेल तर प्लेट बाद. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, कारण मजुरी तिन्हींना मिळून एकदाच लागते. क्रँकचं मागचं सील आत्ता गळत नसलं तरी तेही टाका. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्या, नाहीतर नवी प्लेटही थडथडेल. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं.

नवी प्लेट बसल्यावर पहिले ५०० किमी गाडी ओझ्याने भरून घाटात नेऊ नका. तेवढं चालल्यावर फ्री प्ले पुन्हा मोजून नट जागेवर आणा.