जेल पॉलिश ओरबाडू नका, भिजवा

डोंबिवलीला लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून खूश होऊन बसले, तर करंगळीच्या जेलची कड सुटलेली दिसली. सहज नख घालून बघितलं, अख्खा पापुद्रा निघाला. मग काय, हाताला चाळाच लागला. घाटकोपर येईपर्यंत उजव्या हाताची पाचही बोटं मोकळी! शेजारच्या ताईंनी तर कौतुकही केलं, म्हणाल्या, "बरं निघतंय हो." त्या पापुद्र्यांच्या आतल्या बाजूला पांढरट थर होता, तो माझ्या नखाचा होता हे मला संध्याकाळी लसूण सोलताना कळलं. नखातून कळ डोक्यात गेली. नखं कागदासारखी वाकायला लागली होती. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ती खराबी पुढे सरकून कापून टाकेपर्यंत जवळजवळ सहा महिने गेले.

हे नोकरीत असतानाचं. आता मी घरीच छोटं पार्लर चालवते आणि येणारीला आधी विचारते, काढायला परत येणार ना? लावायला सगळ्यांकडे तासभर असतो, काढायला पाच मिनिटंही नसतात.

साधं नेलपॉलिश हवेवर वाळतं. जेल वाळत नाही, पंख्याखाली दिवसभर धरलं तरी ओलंच राहील. दाताच्या डॉक्टरांकडे सिमेंट भरून निळा लाइट मारतात ना, तसंच हे लॅम्पच्या प्रकाशाने कडक होतं. म्हणून बाटलीवर कुठला लॅम्प आणि किती सेकंद लिहिलंय ते वाचायचं. एलईडीला बहुतेकदा तीस ते साठ सेकंद, जुन्या यूव्ही लॅम्पला दोन मिनिटं. एका कंपनीचं जेल आणि कुठलाही स्वस्त लॅम्प अशी जोडी जमवू नका. वरून कडक आणि आत कच्चं राहिलं तर दिसत नाही, पण त्या कच्च्या जेलनेच ॲलर्जी होते. त्यातलं एक रसायन 'हेमा'. नाव मैत्रिणीचं वाटतं, पण एकदा त्याची ॲलर्जी बसली की सहसा जन्मभर जात नाही, आणि पुढे दातात भरायच्या सिमेंटलाही त्रास होऊ शकतो. युरोपात हेमा असलेलं जेल फक्त पार्लरवाल्यांनी वापरायचं असा नियम आहे. टीपीओ नावाच्या दुसऱ्या घटकावर तर तिथे 1 सप्टेंबर 2025 पासून बंदीच आहे. घरी किट घेणार असाल तर ही दोन नावं डब्यावर शोधा.

लावताना नखाला तेल-क्रीम नको. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, हलकी मागे सारा, बफर (नख घासायचा मऊ ठोकळा) एकदाच फिरवा, नखाची नुसती चमक जाईल इतपत. मग स्पिरिटने पुसा. बेस कोट, रंगाचे दोन हात, टॉप कोट, सगळं पातळ आणि प्रत्येक थरानंतर हात लॅम्पखाली. जाड थर दिला तर लॅम्पमध्ये चटका बसतो. बसलाच तर हात बाहेर काढा, दोन क्षण थांबून परत घाला. कडेच्या कातडीपासून केसभर अंतर ठेवा. कातडीवर आलेलं जेल लॅम्पच्या आधी पुसायचं, नंतर नाही. ब्रश नखाच्या टोकावरूनही फिरवा, नाहीतर टोकाकडूनच सुटतं. आणि अंगठे वेगळे. चार बोटांबरोबर घातला की अंगठा कलतो, एक बाजू कच्ची राहते. शेवटी दोन्ही अंगठे जोडीने घाला.

लॅम्पच्या यूव्ही किरणांपासून कातडी जपायला मी स्कूटरचे सुती हातमोजे टोकं कापून देते. ते नकोत तर तयारीला बसण्याआधी हाताच्या पाठीवर सनस्क्रीन, फक्त नखावर जाऊ देऊ नका. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्या गोळीने कातडी प्रकाशाला नाजूक होते. ऑपरेशन ठरलं असेल तर जेल लावूच नका. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात, तेव्हा नख उघडं लागतं.

फिकट रंगाचा आपल्या स्वयंपाकघरात एकच शत्रू, हळद. बटाट्याची भाजी हाताने कालवली की न्यूड शेडची नखं पिवळी. लग्नघरातल्या मुलींना मी सांगते, हळद लागू दे, मग फिकट जेल. आधीच हवं असेल तर मरून रंगाचं घ्या.

दोन-तीन आठवड्यांनी काढायचंच, अजून छान दिसत असलं तरी. कड सुटली की आत पाणी साठतं आणि नखावर हिरवट डाग पडू शकतो. असा डाग दिसला तर त्यावर नवीन थर देऊन झाकू नका, काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता काढणं. देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस विझलेला हवा. जेल ज्यात भिजवायचं त्या ॲसिटोनची वाफसुद्धा पेट घेते. खिडकी उघडा. शुद्ध ॲसिटोन घ्या, साध्या रिमूव्हरने दमायलाच होतं. ते काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत ओता. प्लास्टिकच्या वाटीत ओतून मी एकदा वाटी आणि टेबलाचं पॉलिश, दोन्ही घालवलंय. गरम मात्र अजिबात करायचं नाही.

180 नंबरच्या फाईलने टॉप कोटची चमक घालवा. रंग दिसत राहिला पाहिजे, नख दिसलं तर फार खोल गेलात. नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल लावा. कापसाचा नखाएवढाच तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा आणि पोळ्या गुंडाळतो त्या फॉईलची चौकोनी पट्टी बोटाभोवती घट्ट वळा. एका वेळी एकच हात करा, दुसरा दार उघडायला लागतो. वरून टॉवेल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं मालिका बघा.

मग एकच फॉईल काढून बघायची, सगळ्या नाही. झालं असेल तर जेल तापल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतून वर आलेलं दिसतं. लाकडी काडीने आतून टोकाकडे हलकं ढकला, सरकत जाईल. जिथे जोर लावावा लागतो तिथे अजून भिजलेलं नाही, नवीन कापूस ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. लोखंडी पुशर मी काढताना हातातच घेत नाही. पाऊण तास उलटला तरी काहीच हलत नसेल तर ते हार्ड जेल असणार. ॲसिटोनने ते निघत नाही, फाईल करूनच काढावं लागतं. ज्यांनी लावलं त्यांच्याकडेच जा.

निघाल्यावर नखं कोरडी, पांढुरकी दिसतात. घाबरू नका. साबणाने हात धुवा आणि नखाच्या मुळाशी खोबरेल चोळा, पुढचे आठ-दहा दिवस झोपताना रोज. नखाभोवती खाज, पुरळ किंवा फोड आले तर पुन्हा जेल नको, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे. नखं पातळ वाटत असतील तर मधे महिनाभर सुट्टी द्या. आणि त्या दिवशीचा लसूण घरात दुसऱ्या कुणाला तरी सोलायला द्या.