रस्ता रुंद होतोय, बगीच्यातली झाडं जाणारेत? आधी माती वाचवा

इंदूरला एबी रोडच्या कडेला राहणाऱ्यांना सवय झालीये, आज सर्व्हे, उद्या झाडांवर रंगाने नंबर आणि परवा जेसीबी. नंबर पडले की हातपाय गाळू नका, त्याच आठवड्यात कामाला लागा.

आधी तोडायच्या झाडांची यादी मागा. मध्य प्रदेशात शहरातलं झाड तोडायला 2001 च्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्या परवानगीची प्रत आणि यादी घेऊन प्रत्येक झाडापाशी जा, नंबर जुळतो का बघा, फोटो काढा, घरटं असेल तर लेखी कळवा. नॅशनल हायवे असेल तर केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात खर्चाचा 1 टक्का झाडांसाठी धरलाय, त्याचं काय होणारे ते हक्काने विचारा.

वड, पिंपळ, उंबर हलवले तर बऱ्यापैकी जगतात, जुनी चिंच अवघड. खोडाच्या जाडीच्या 8 ते 10 पट रुंद मातीचा गड्डा ठेवायचा, मुळं टप्प्याटप्प्याने करवतीने कापायची, जेसीबीने ओढून नाही, गड्डा गोणपाटात घट्ट बांधायचा आणि क्रेनला साखळी नको, पट्टा. जी झाडं राहणारेत त्यांच्या फांद्यांच्या घेरापर्यंत पत्रे ठोका, आत ना डंपर ना सिमेंटची पोती.

आता वरची माती, हे कोणीच करत नाही. काम सुरू व्हायच्या आधी वरची वीतभर माती खरवडून वेगळा ढीग लावा, दोन मीटरच्या आत उंची, आणि ओली असताना हातच लावू नका, आपली माळव्याची काळी माती ओली तुडवली की वाळून दगड होते. आमच्या बगीच्यात हे केलं नव्हतं. ठेकेदाराने मलब्यावर चार बोटं माती पसरली, आम्ही जुलैत हौसेने रोपं लावली, मे येईपर्यंत एकेक वाळत गेलं. एक उपटलं तर मुळं अजून पिशवीच्याच आकारात, गोल गोल गुंडाळलेली, बाहेर एक तंतू गेलेला नाही, खाली पहार मारली तर टण्ण, नुसती गिट्टी आणि प्लास्टरचे तुकडे. फार वाईट वाटलं हो, मुलांनी लावलेली रोपं होती ती.

म्हणून लावण्याआधी दीड फूट खड्डा खणा, पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशीही पाणी उभंच असेल तर तिथे झाड लावूच नका. मलबा पूर्ण उचलायला लावा, जमीन कोरडी असताना दीड फूट खोल फोडून घ्या, मग राखलेली माती आणि शेणखत. पहिल्या पावसाळ्यात ढेंचा किंवा ताग ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून फुलावर यायच्या सुमारास तिथेच मातीत गाडा, झाडं पुढच्या पावसाळ्यात. उद्घाटनाच्या घाईत तुमच्यावर दबाव येईल, अडून बसा. करंज, जांभूळ, कडुनिंब, अर्जुन असं मिसळून लावा, नुसत्या गुलमोहराची रांग नको.

आणि निदान तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, टँकरचे पैसे कोण देणार, हे सगळं ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आधी लेखी घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.