आधी तलाव बघा, मग रॉड घ्या: बास फिशिंगचं सामान मरळीसाठी कसं निवडावं

मासेमारीचं सामान ऑनलाइन शोधायला बसलं की सगळीकडे ‘बास’ हा शब्द दिसतो. बास रॉड, बास ल्यूर (म्हणजे नकली आमिष), बाससाठी दोरी. नागपूरच्या कुठल्याही तलावात बास नाही. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरावर मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. या एका माशासाठी तिकडे सामानाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं.

ते शास्त्र आपल्या कामाचं आहे, कारण आपल्याकडे मरळ आहे. बाससारखीच तीही शेवाळात, कमळाच्या पानांखाली, बुडालेल्या झुडपात दबा धरून बसते आणि जवळून काही गेलं की झडप घालते. पण तीन बाबतींत ती वेगळी आहे. तिला टोकदार दात आहेत. तिचं डोकं आणि जबडा टणक आहे. आणि ती हवेत श्वास घ्यायला पृष्ठभागावर येते. बासचं सामान घेताना या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या, तर पैसे वाया जात नाहीत.

बहुतेक जण आधी रॉड घेतात, मग रॉडला शोभेल ती रीळ, मग दुकानदार देईल ती दोरी आणि शेवटी दिसायला सुंदर ल्यूर. मी उलट्या क्रमानं जायला सांगतो. तलाव कसा आहे त्यावर ल्यूर ठरतं, ल्यूरवर दोरी ठरते, दोरीवर रॉड.

पायरी १: एक सकाळ रिकाम्या हातानं जा

सगळ्यात आधी परवानगी. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. तिथला मासा हा ढीवर आणि भोई कुटुंबांचा रोजगार आहे. खिंडसी असो, झिलपी असो की गावाशेजारचा लहानसा तलाव, आधी संस्थेच्या माणसाला भेटा, गळ टाकायची परवानगी आहे का, पैसे किती, मासा न्यायचा की सोडायचा, हे स्पष्ट विचारून घ्या. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. तिकडे जायचंच नाही.

परवानगी मिळाली की काठावर बसून बघा. पाण्यात काय आहे? आपल्या भागात साधारण चार प्रकार भेटतात: कमळ किंवा शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेलं पाणी, जलपर्णीची गादी, काठावर पाण्यात उतरलेली बेशरमाची झुडपं, आणि धरणाच्या भिंतीजवळचं मोकळं, दगडी पाणी. शिंगाड्याची लागवड असेल तिथे ल्यूर टाकूच नका, ते कुणाचं तरी पीक आहे.

मग मरळीची वाट बघा. सकाळच्या शांत पाण्यात ‘बुळुक’ असा आवाज येतो, एक गोल तरंग उठतो आणि दोन-चार बुडबुडे मागे राहतात. ती श्वास घेऊन गेली. थोड्या वेळानं ती त्याच भागात पुन्हा वर येईल. तासाभरात असे किती तरंग उठले आणि ते झुडपापासून किती अंतरावर होते, हे लिहून ठेवा. पुढची सगळी खरेदी या कागदावरून करायची आहे.

पायरी २: ल्यूर, आणि तेही मोजून चार

झाकलेल्या पाण्यासाठी पोकळ रबरी बेडूक. याच्या पोटातून दोन गळ बाहेर येतात आणि पाठीला चिकटून वर वळतात. त्यामुळे तो पानांवरून सरकतो, अडकत नाही. घेताना अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून बघा. अंग सहज दबलं आणि गळाची टोकं लगेच उघडी पडली, तर घ्या. रबर कडक असेल तर मरळ तोंडात घेईल, पण गळ लागणार नाही. वजन ८ ते १५ ग्रॅम. नव्या बेडकाचे शेपटीचे रबरी धागे बरेचदा फार लांब असतात, ते थोडे कापा, म्हणजे मरळ नुसते धागे ओढून जाणार नाही.

रंगावर फार वेळ घालवू नका. तरंगणारं ल्यूर मासा खालून बघतो, त्याला उजेडासमोरची आकृती दिसते. गढूळ पाण्यात आणि पहाटे काळा, स्वच्छ पाण्यात हिरवा किंवा मातकट. दोन पुरेत.

झुडपांच्या कडेला, जिथे वर मोकळं आणि खाली काड्या आहेत, तिथे मऊ प्लास्टिकचा किडा किंवा लहान मासा टेक्सस पद्धतीनं लावा. दोरीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं ५ ते ७ ग्रॅमचं शिसं ओवायचं, वाकड्या मानेचा गळ बांधायचा आणि त्याचं टोक प्लास्टिकच्या अंगातच लपवायचं. हे ल्यूर काडीवर चढतं, उतरतं, अडकत नाही.

पावसाळ्यात पाणी चहासारखं झालं की स्पिनरबेट. त्याची पाती फिरताना पाण्यात जी थरथर होते, ती माशाला न बघताही कळते. मोकळ्या दगडी पाण्यासाठी एक क्रँकबेट, म्हणजे तोंडाशी पारदर्शक जीभ असलेला टणक मासा. जीभ जितकी लांब आणि आडवी, तितका तो खोल जातो. या जातीच्या नकली माशांतलं फार प्रसिद्ध नाव राप्पाला. फिनलंडच्या लाउरी राप्पाला यांनी १९३६ साली आपलं पहिलं ल्यूर कॉर्कमधून कोरलं होतं. जखमी मासा जसा तिरपा पोहतो, तशी चाल त्यांना हवी होती. ल्यूर विकत घेताना हेच विचारा: हे पाण्यात कसं चालतं? डोळे किती खरे दिसतात, हा प्रश्न नंतरचा.

पायरी ३: दोरी

पैसे कमी असतील तर ल्यूर दोनच घ्या, पण दोरी चांगली घ्या. मासा आणि तुमच्यात तेवढी एकच गोष्ट असते.

आपल्याकडे ज्याला सगळे तंगूस म्हणतात, ती नायलॉनची एकपदरी दोरी. स्वस्त, गाठ छान बसते, पण ती ताणली जाते आणि पाणी पिते. ताणणं कधी उपयोगाचं असतं: मोकळ्या पाण्यात क्रँकबेटच्या बारीक तिहेरी गळावर मासा उसळी घेतो, तेव्हा ती दोरी झटका सोसते आणि गळ निसटत नाही. पण वीस मीटरवर, पानांच्या गादीत, मरळीच्या टणक जबड्यात जाड गळ रुतवायचा असेल, तर तुमचा अर्धा झटका त्या ताणातच जिरतो.

म्हणून बेडकासाठी ब्रेडेड दोरी, बारीक धाग्यांची वीण असलेली. ती जवळजवळ ताणलीच जात नाही, पाण्यावर तरंगते आणि त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूप बारीक असते. ३० पौंडांची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड दोरी जाडीला साधारण ८ पौंडांच्या तंगुसाएवढी भरते. कमळ आणि जलपर्णीसाठी ४० ते ५० पौंड घ्या. मरळ इतकी मोठी असते म्हणून नाही. तिच्याबरोबर दोन किलो वेलीही ओढाव्या लागतात म्हणून. झुडपाच्या कडेला ३० पौंड पुरे.

तिसरी जात फ्लुरोकार्बन. पाण्यात ती कमी दिसते, दगडावर घासली तरी टिकते, पण ती बुडते. बेडकापुढे तिचा तुकडा जोडला तर बेडकाचं नाक खाली ओढलं जातं. टेक्सस आणि क्रँकबेटला ती उत्तम.

आता दात. बासच्या तोंडात सँडपेपरसारखी खरखर असते, म्हणून तिकडचे लोक ब्रेडेड दोरी थेट बेडकाला बांधतात. मरळीच्या दातांवर ती वीण धागा-धागा करून उसवते. माझा सल्ला: बेडकापुढे दीड फूट ४० पौंडांचा जाड तंगूस जोडा. फ्लुरोकार्बन नको, तंगूसच. जोडगाठ बारीक आणि घट्ट ठेवा, नाहीतर पानांचे देठ तिथेच अडकतात.

नागपूरच्या माणसाला आणखी एक सांगायला हवं. तंगुसाला ऊन सोसत नाही. एका मे महिन्यात माझी रीळ दोन आठवडे गाडीच्या डिकीत राहिली. बाहेर ४५ अंश, तर डिकीत काय असेल! दोरी दिसायला जशीच्या तशी होती. पहिल्याच मरळीला ती गाठीपाशी नाही, मधेच तुटली. घरी येऊन मी दोन्ही हातांत फूटभर धरून ओढली, तर वाळल्या काडीसारखी ‘कट्’ झाली. ती मरळ तोंडात गळ घेऊन गेली, याची मला आजही टोचणी आहे. तेव्हापासून रीळ कापडी पिशवीत, घरातल्या गार कोपऱ्यात. आणि तंगूस दर उन्हाळ्यानंतर बदलायचा, वापरला असो की नसो.

पायरी ४: रॉड आणि रीळ

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, ते वाचायला शिका. लांबी साडेसहा ते सात फूट. यापेक्षा लांब रॉड बाभळी आणि बेशरमाच्या काठावर फिरवता येत नाही. ‘पॉवर’ म्हणजे रॉड किती वजन उचलू शकतो. मरळीसाठी मीडियम हेवी. ‘ॲक्शन’ म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या टोकापाशी वाकतो, खालचा भाग ताठ राहतो आणि झटका थेट गळापर्यंत पोचतो. बेडूक आणि टेक्ससला हाच हवा. क्रँकबेटसाठी मात्र मध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट रॉड बरा. पहिला आणि एकच रॉड घेणार असाल, तर मीडियम हेवी, फास्ट.

पुढे ल्यूरचं वजन लिहिलेलं असतं, कधी ग्रॅममध्ये, कधी औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पाव औंस म्हणजे ७. तुमच्या कागदावरचं ल्यूर १२ ग्रॅमचं असेल, तर १० ते ३० ग्रॅमचा रॉड घ्या, २० ते ८० चा नको. हलकं ल्यूर जाड रॉडला वाकवत नाही, आणि न वाकलेला रॉड दूर फेकत नाही.

घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कड्याच्या आतून फिरवा. कापसाचा एक जरी तंतू अडकला, तर कड्याच्या चिनी मातीला तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तो तडा पन्नास पौंडांची दोरी महिनाभरात कापतो.

रीळ स्पिनिंगची, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारी, ३००० आकाराची घ्या. रॉडच्या वर बसणारी बेटकास्टिंग रीळ जड दोरीला छान, पण तिच्यावर अंगठ्याचा ताबा यायला वेळ लागतो आणि तोवर दोरीचा गुंता सोडवण्यातच सकाळ जाते. ती दुसऱ्या वर्षी.

पायरी ५: घरी जोडणी

ब्रेडेड दोरी रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीवर, घसरते. आधी आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा आणि त्यावर ती जोडा. गुंडाळताना ओल्या फडक्यात धरून ताण द्या.

ल्यूर बांधायला पालोमर गाठ शिका. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, मग तो फास अख्ख्या ल्यूरवरून घालून मागे आणा. आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच कमजोर होते.

मग ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक. बॅगा तोलायचा हुकवाला काटा दोरीला लावा, रॉड धरून ओढा आणि जुळणीतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या आकड्याच्या पाव हिश्शावर दोरी सुटू लागेल असं बटण फिरवा. रॉडवर २० पौंडांची मर्यादा लिहिली असेल, तर ते नऊ किलो, आणि पाव हिस्सा म्हणजे सव्वादोन किलो. दाट वेलींत थोडा जास्त चालेल.

पायरी ६: पाण्यावर

बेडूक तरंगाच्या नेमका वर टाकू नका, चार-पाच फूट पलीकडे टाका आणि पानांवरून आणत, मोकळ्या फटीत थांबवा. पाणी फुटेल. त्या क्षणी हात आपोआप मागे जातो आणि मासा सुटतो. काठावर जाळं सुकवणाऱ्या एका ढीवर काकांनी मला तीनदा हुकताना बघितलं आणि म्हणाले, “काहून घाई करतं बाबू? तिनं धरला म्हंजे गिळला नाही. खाली जाऊ दे, दोरी हालली का मंग वढ.” तेव्हापासून मी मनात ‘एक, दोन’ म्हणतो, दोरीचं वजन हाताला लागू देतो आणि मग ओढतो. मोजलेले ते दोन आकडे कुठल्याही महागड्या रॉडपेक्षा जास्त मासे देतात.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर तिथे ल्यूर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि ते कशावरही झडप घालतात. त्यांना उचललं की पिल्लं काही वेळात इतर माशांच्या पोटात जातात.

बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. मरळीला तसं कधीही उचलू नका, दात अंगठ्यात जातात. लांब नाकाची पक्कड आणि ओठ धरायचा चिमटा बरोबर ठेवा. सोडायचा मासा ओल्या हातानं, पोटाखाली आधार देऊन धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका. मग ल्यूरपासून वरची फूटभर दोरी नखांमधून ओढून बघा. कुठे खरखर लागली, तर तेवढा तुकडा कापा, खिशात घाला आणि पालोमर पुन्हा बांधा.