ब्लिझर्ड येतंय? इंच मोजत बसू नका, या चुका टाळा

२०२२ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत जवळजवळ ८० इंच बर्फ पडला. उभा माणूस बुडेल इतका. तरीही ते ब्लिझर्ड नव्हतं. पाच आठवड्यांनी, नाताळच्या तोंडावर, बफेलोच्या विमानतळावर सुमारे ५२ इंचांची नोंद झाली आणि त्या वादळात ४० हून जास्त माणसं गेली. ते ब्लिझर्ड होतं.

हा फरक मला इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी नीट कळला नव्हता. आपल्या मराठी ग्रुपवर वादळाची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, ‘किती इंच?’ सगळ्यात मोठी चूक हीच, कारण पुढच्या बाकीच्या चुका तिच्याच पोटातून निघतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या ब्लिझर्डच्या व्याख्येत इंचांचा उल्लेखच नाही. वारा किंवा वरचेवर येणारे झोत ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर, किंवा त्याहून जास्त असायला हवेत. पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या पलीकडलं दिसेनासं व्हायला हवं. आणि हे किमान तीन तास टिकायला हवं. बस. तापमानाची अटही नाही. (कॅनडात राहणाऱ्यांसाठी: तिथे वारा ताशी ४० किलोमीटर धरतात, पण अवधी किमान चार तासांचा.)

‘उडणाऱ्या’ हा शब्द नीट वाचा. आभाळातून एक कणही न पडता ब्लिझर्ड होऊ शकतं. १९७७ च्या जानेवारीत बफेलोत जवळजवळ तसंच झालं. नवा बर्फ जेमतेम फूटभर, पण गोठलेल्या ईरी सरोवरावर आधीचा बर्फ साठून होता. वाऱ्यानं तो सगळा उचलून शहरावर आणून टाकला. त्यामुळे ‘अंदाज फक्त सहा इंचांचा आहे, जाऊन येऊ’ असं म्हणण्याआधी वाऱ्याचा आकडा बघा आणि अंगणात आधीचा किती भुसभुशीत बर्फ पडून आहे तेही बघा.

२३ डिसेंबर २०२२ ची सकाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. समोरच्या घराच्या ओसरीवर पिवळा दिवा लावलेला असतो. मी चहा गाळत असताना तो होता. कप घेऊन खिडकीशी आले तर दिवा नाही, घर नाही, मग आमच्याच ड्राइव्ह-वेच्या टोकाची पत्रपेटीही नाही. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कुणी चादर ओढली की काय खिडकीवर!’ बफेलोत हे सलग ३७ तास चाललं.

दुसरी चूक: हवामान सेवेचे ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ हे इशारे एकच समजणं. वॉच म्हणजे वादळ होण्याची शक्यता आहे, तयारीला लागा. सामान, औषधं, पेट्रोल सगळं याच टप्प्यात उरकायचं. वॉर्निंग म्हणजे वादळ येणार याची जवळजवळ खात्री आहे, किंवा ते आलंच आहे. वॉर्निंग लागल्यावर दुकानाच्या रांगेत उभे असाल, तर घरी परतायला उशीर झालेला असू शकतो. २३ डिसेंबरच्या त्या शुक्रवारी आमच्या काउंटीत गाड्यांवर बंदी सकाळी साडेनऊपासून लागू झाली. तोवर अनेक जण कामावर पोचले होते. सरकारी बंदीची वाट बघू नका, वॉर्निंग हीच तुमची बंदी समजा.

‘मागच्या वेळी एवढं सांगितलं आणि काहीच झालं नाही’ हेही ऐकू येतं. २०१५ च्या जानेवारीत न्यू यॉर्क शहराला दोन फुटांचा इशारा होता, सेंट्रल पार्कात दहा इंचही पडला नाही. पण ते वादळ विरून गेलं नव्हतं, थोडं पूर्वेला सरकलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला त्याच वादळात ३४.५ इंच बर्फ पडला. थोडक्यात चुकलं म्हणजे खोटं होतं असं नव्हे.

आता गाडीबद्दल. अडकलात तर सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘समोरच तर घर आहे’ म्हणून खाली उतरून चालू लागणं. पांढऱ्यात पांढरं मिसळलं की रस्ता कुठे आणि शेत कुठे, काही कळत नाही. माणूस सरळ जातोय असं समजून भरकटतो. २०२२ च्या नाताळच्या वादळात काही जण रस्त्यावरच मृत सापडले, काही गाडीत. गाडी सोडू नका, ती निदान वारा अडवते आणि शोधणाऱ्यांना दिसते. हीटरसाठी इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालू करा. त्याआधी दर वेळी मागचा धुराचा पाईप मोकळा आहे ना ते बघा, आणि वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. पाईप बर्फानं बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही.

हे अंगणातही होतं. २०१६ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या पसेइकमध्ये एक बाप गाडीभोवतीचा बर्फ काढत होता. ऊब मिळावी म्हणून बायको आणि दोन लहान मुलं चालू गाडीत बसली होती. पाईप बर्फात गाडलेला होता. तिघंही गेली. म्हणून पोरांना ‘गाडीत बसा, हीटर लावलाय’ असं सांगण्याआधी तो पाईप स्वतःच्या हातानं मोकळा करा.

घरातली चूक आम्ही स्वतः केली. २०२२ च्या त्या ब्लिझर्डमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटे घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली. वीज होती, गॅस होता, आतला लाल दिवा ठरावीक वेळानं लुकलुकत होता. आम्ही बटणं दाबत बसलो. खरं तर नव्या फर्नेसचे दोन पांढरे पाईप भिंतीतून बाहेर काढलेले असतात, एक हवा आत घेणारा, एक धूर सोडणारा. त्यांच्यावर बर्फाचा ढीग चढला की यंत्र स्वतःहून थांबतं. नवऱ्यानं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक मी गराजच्या दारात धरून उभी राहिले. अंतर वीस फूट. तो दिसत नव्हता, फक्त दोरी हलताना दिसत होती. वाऱ्यानं ठासून बसवलेला बर्फ कापसासारखा नसतो, साबणाच्या वडीसारखा असतो. पाईप फुटू नये म्हणून त्यानं तो हातांनीच उकरला. घराच्या एका बाजूला गवत उघडं पडलं होतं आणि या बाजूला बर्फ खिडकीपर्यंत. तुमचे पाईप कुठल्या भिंतीला आहेत ते आजच बघून ठेवा, तिथे एक काठी रोवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर तो कसा वाजतो ते ऐका. सलग चार वेळा, थोडं थांबून पुन्हा चार, असा असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ लावा. मिनिटाला एकदाच टिक करत असेल तर सेल संपत आलेत. वीज गेल्यावर गॅसच्या शेगडीवर काडीनं पेटवून खिचडी करायला हरकत नाही. पण खोली गरम करायला शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवू नका. कोळशाची शेगडी घरात आणूच नका. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून वीस फूट लांब. गराजचं शटर उघडं ठेवून आत चालवणंही चुकीचंच.

नळातून पाण्याची बारीक धार चालू ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. एवढं केलं की पाईप सहसा गोठत नाहीत.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या घरात हव्यात. इथे दूध-ब्रेडसाठी सगळे धावतात आणि गोळ्या विसरतात. २०२२ च्या त्या ब्लिझर्डमध्ये ॲम्ब्युलन्स आणि बर्फ काढणाऱ्या गाड्यासुद्धा रस्त्यात अडकल्या होत्या. दोन दिवस मदत येणार नाही असं धरूनच यादी करा.

वारा पडला, ऊन आलं की बाबा हमखास फावडं मागतात. देऊ नका. थंडीत रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना ओला बर्फ उचलणं हृदयाला भारी पडतं. दरवर्षी इथे लोक फावडं हातात असतानाच जातात. चाळिशी ओलांडलेल्या आपणही बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा, आणि दर दहा मिनिटांनी घरात यावं. बाबांना काही करायचंच असेल तर खिडकीशी बसून तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा, हातात फोन देऊन. आणि ड्राइव्ह-वेला हात लावण्याआधी शेजारी कुणी एकटं राहत असेल तर त्यांच्या भिंतीचे ते दोन पांढरे पाईप बघून या.