साथीच्या काळात रोजगार केंद्र सुरू ठेवण्यासाठी

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रोजगार गेलेल्यांची संख्या वाढत असताना त्यांच्यासाठीची कार्यालये मात्र कुलूपबंद राहण्याची वेळ आली. ती वेळ पुन्हा येऊ नये म्हणून जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने साथ येण्यापूर्वीच तयारी करावी.

सर्वप्रथम परवानगीचे पाहावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यामुळे निर्बंधांच्या काळातही केंद्राची किमान एक खिडकी चालू राहील, असा प्रस्ताव कर्मचाऱ्यांच्या प्रवासपत्रांच्या मागणीसह त्यांच्याकडे आधीच पाठवावा. आदेश निघाल्यावर धावाधाव केली तर पहिले दोन आठवडे हातचे जातात.

त्यानंतर कामांची विभागणी करावी. नवीन नोंदणी, माहितीतील साधी दुरुस्ती आणि समुपदेशन ही कामे दूरध्वनीवरून आणि राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार नोंदणीच्या संकेतस्थळावरून होऊ शकतात. परंतु सगळेच ऑनलाइन झाले, असे समजणे ही मोठी चूक आहे. ज्याचे जुने सिमकार्ड बंद पडले आहे, त्याचा ओटीपी त्या जुन्याच क्रमांकावर जातो आणि तो घरी बसून काहीही करू शकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दहावीची गुणपत्रिका आणि आधारकार्ड जपून घेऊन, दोन गाड्या बदलून आलेल्या बाईला दारावरच्या सूचनेतील संकेतस्थळाचा पत्ता काय उपयोगाचा? खिडकी अशाच माणसांसाठी राखून ठेवावी.

तिथे गर्दी होऊ नये म्हणून फोनवरूनच वेळ ठरवून द्यावी. मात्र वेळ न घेता आलेल्यालाही परत पाठवू नये. प्रतीक्षेची जागा बाहेर, सावलीत असावी आणि तिथे पिण्याचे पाणी ठेवावे. आतल्या खोल्यांच्या खिडक्या हवेसाठी उघड्या ठेवाव्यात, मास्क ठेवावेत आणि कागदपत्रे तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला एकाच टेबलावर तासन्‌तास बसवू नये.

कर्मचाऱ्यांचे दोन गट करून ते आठवड्याआड बोलवावेत आणि त्यांची आपसात भेट टाळावी, म्हणजे एका गटात रुग्ण निघाला तरी दुसरा गट काम सांभाळू शकतो. ताप आलेल्याने घरी थांबावे, ही सूचना कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत पगारकपात होणार नाही अशी लेखी हमी दिल्याशिवाय पाळली जात नाही.

नोंदणी करून घेणे हे अर्धेच काम आहे. साथीतही रुग्णालये, औषधनिर्मिती, सफाई, सुरक्षा आणि घरपोच वितरण या क्षेत्रांत माणसे लागतात, म्हणून रोज ठरावीक वेळी आस्थापनांना फोन करून रिक्त जागा विचारून घ्याव्यात. परराज्यांतील कामगार गावी परतल्यामुळे उद्योगांत मनुष्यबळाची टंचाई झाली, तेव्हा ६ जुलै २०२० रोजी राज्याने महाजॉब्स हे संकेतस्थळ सुरू केले होते. उमेदवाराला जागा कळवताना तिथे राहण्याची सोय आहे का, ये-जा करण्याचे साधन आहे का आणि संरक्षक साहित्य मिळते का, हे मालकाकडून आधी विचारून घ्यावे.

आलेल्या प्रत्येक फोनची नोंद वहीत करावी: नाव, गाव, अडचण आणि पुन्हा फोन करण्याची तारीख. निर्बंध उठल्यानंतरही त्या वहीतील शेवटचा माणूस भेटेपर्यंत दूरध्वनीची सोय बंद करू नये.